जड लेन्स, लहान बांधा : सॅक निवडीच्या प्रकल्प नोंदी

३ नोव्हेंबर २०२४ : वाहायचं काय आहे

पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्या ताईंसाठी कॅमेऱ्याची सॅक बघायला बाहेर पडण्याआधी सगळ्या वस्तूंची वजनं केली. प्रत्येक वस्तू स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवून आकडा वहीत लिहिला. अंदाजाने सांगितलेलं वजन खऱ्यापेक्षा कमीच असतं आणि चूक तिथूनच सुरू होते.

निकॉन डी५०० कॅमेरा बॅटरी आणि कार्डासकट ८६० ग्रॅम. २००-५०० मिमी एफ/५.६ लेन्स ट्रायपॉड कॉलरसकट (लेन्सभोवतीची पाय असलेली कडी) २३०० ग्रॅम. हूड (लेन्सच्या तोंडावरची नळी) आणि कॉलरखालची प्लेट मिळून २१०. मॅक्रोसाठी, म्हणजे बारीक गोष्टी जवळून टिपायला, १०५ मिमी लेन्स ७५०. जादा बॅटऱ्या, कार्डं, ब्लोअर, पुसायचं कापड २८०. पावसाचं कव्हर १२०. इथवर ४ किलो ५२० ग्रॅम झाले, आणि अजून पाणी भरलेलं नाही. लिटरभर पाणी बाटलीसकट ११५०, मोनोपॉड (कॅमेऱ्याचा एकपायी टेकू) ५५०, जेवणाचा डबा आणि विंडचीटर ६३०. एकूण ६ किलो ८५० ग्रॅम.

हे पाठीवर घेणाऱ्या ताईंची उंची १५१ सेंटिमीटर, वजन ४६ किलो. रिकामी सॅक २ किलो धरली तर भार ९ किलोच्या आसपास जातो, म्हणजे शरीराच्या वजनाच्या जवळजवळ २० टक्के. ट्रेकिंगमध्ये मोठ्या मुक्कामाच्या सॅकला हीच वरची मर्यादा मानतात. हाच भार ७५ किलोच्या माणसासाठी १२ टक्के होतो. बाजारातल्या बहुतेक कॅमेरा सॅक त्या ७५ किलोच्या माणसाला डोळ्यासमोर ठेवून बेतलेल्या असतात.

५ नोव्हेंबर : पाठीचं माप

उंचीवरून सॅक निवडता येत नाही. माप लागतं ते पाठीचं, म्हणजे धडाच्या लांबीचं. एकाच उंचीच्या दोघींत ते ४-५ सेंटिमीटरने सहज वेगळं निघतं.

माप घ्यायला दुसरं माणूस लागतं. मान पुढे झुकवली की मानेच्या तळाशी एक मणका ठळक वर येतो, ते वरचं टोक. मग दोन्ही हात कमरेवर, अंगठे मागच्या बाजूला, आणि बोटांनी दाबत कमरेच्या हाडाची वरची कड शोधायची. दोन्ही अंगठे जोडणारी रेघ जिथे मणक्यावर येते, ते खालचं टोक. शिंप्याची टेप पाठीच्या बाकाला धरून खाली सोडायची, ताठ ओढायची नाही. तीन वेळा घेतलं : ३९, ३८.५, ३९. पुढच्या सगळ्या हिशेबाला ३९ धरलं.

आणखी तीन मापं घेतली. खांद्यांची रुंदी ३३ सेंमी. कमरेच्या हाडावरून घेर ७६ सेंमी. उभं राहिल्यावर मानेच्या मणक्यापासून डोक्याच्या वरच्या टोकापर्यंत २५ सेंमी. हे शेवटचं माप कुणी घेत नाही. पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्याने ते घ्यावंच, त्याचं कारण पुढे लिहिलं आहे.

९ नोव्हेंबर : दुकानात, टेप घेऊन

तीन तयार कॅमेरा सॅक पाहिल्या. नावं लिहीत नाही. तिन्ही चांगल्या शिवलेल्या होत्या, प्रश्न फक्त मापाचा होता.

सॅकवर लिटर छापलेले असतात, लॅपटॉपचा इंच छापलेला असतो, पण पाठीची लांबी क्वचितच छापलेली सापडते. ती आपणच मोजायची. खांद्याचे पट्टे पाठीच्या पॅनेलला जिथे शिवले आहेत तिथून हिप बेल्टच्या मधल्या रेघेपर्यंत. पहिलीचं माप ४९ निघालं, दुसरीचं ४७, तिसरीचं ४४. तिघींतही पट्टे वर-खाली सरकवायची सोय नव्हती.

३९च्या पाठीवर ४९ची सॅक घातली तर दोनपैकी एकच गोष्ट जमते. बेल्ट कमरेच्या हाडावर बांधला, तर खांद्याचे पट्टे खांद्याच्या वर बोटभर अधांतरी राहतात. पट्टे खांद्यावर टेकवले, तर बेल्ट १० सेंटिमीटर खाली घसरून मांडीच्या सांध्यावर येतो, पाऊल उचललं की मांडी त्याला वर ढकलते, आणि पन्नास पावलांत तो सैल पडतो. मग बेल्ट नुसता शोभेला उरतो.

दुकानात सॅक रिकामी घालून आरशात बघू नये. रिकामी सॅक सगळ्यांनाच बसते. आम्ही घरून पाण्याच्या बाटल्या टॉवेलमध्ये गुंडाळून बरोबर ६.८ किलो नेले होते. दुकानदाराला विचारलं तर तो हरकत घेत नाही, आणि घेतली तर तिथून सॅक घ्यायचीच नाही.

१० नोव्हेंबर : पर्वतीच्या पायऱ्या

दुसरी सॅक (४७ सेंमी, रिकामी २.३ किलो) दोन दिवस वापरायला मिळाली. खरं सामान भरून ९ किलो १५० ग्रॅम. पर्वतीच्या १०३ पायऱ्या, सलग तीन फेऱ्या.

पहिल्या फेरीत तक्रार नाही. दुसऱ्या फेरीत डाव्या खांद्याचा पट्टा दोनदा बाहेर घसरला. पट्ट्यांच्या मुळांतलं अंतर रुंद आहे, आणि ३३ सेंमी खांद्याच्या पार कडेवर ते बसतात. तिसऱ्या फेरीला उजव्या हाताच्या करंगळीला मुंग्या. उतरताना प्रत्येक पायरीला सॅक मागे ओढून पुन्हा आदळत होती.

मुंग्या आल्या की चाचणी तिथेच थांबवायची. पट्टा काखेजवळच्या नसांवर दाब देतोय, याची ती खूण आहे. "सवय होईल" म्हणून रेटायचं नाही.

११ नोव्हेंबर : भार नेमका कुठे पडतो

खांद्यावर किती आणि कमरेवर किती, हे पाहायला सामान तोलायचा हातकाटा वापरला, विमानतळावर नेतात तो. सॅक पूर्ण बांधून सरळ उभं राहायचं, काट्याचा हूक खांद्याच्या पट्ट्याच्या माथ्यावर अडकवायचा आणि पट्टा खांद्यावरून जेमतेम उचलला जाईपर्यंत हळू वर ओढायचं. त्या क्षणाचा आकडा वाचायचा. मोजणी ढोबळ आहे, पण दोन सॅकची तुलना करायला पुरते.

कालच्या सॅकचे आकडे : डावा ३.४, उजवा ३.४. म्हणजे ९.१५ किलोपैकी ६.८ किलो खांद्यांवर. हिप बेल्ट बांधलेला असूनही.

दुसरा हिशेब अंतराचा. या सॅकमध्ये पाठीला लागून लॅपटॉपचा कप्पा, त्यावर फोम, मग लेन्सचा कप्पा. त्यामुळे कॅमेरा-लेन्सच्या जोडीचं (हूड-प्लेटसकट ३.३७ किलो) मध्य पाठीपासून १७ सेंमी लांब जातं. ३.३७ गुणिले १७ म्हणजे ५७ किलो-सेंटिमीटरचा झोक मागे. हा झोक खांद्याचे पट्टे कमरेच्या टेकूवर सावरतात. पाठ ४९ सेंमीची असेल तर त्यासाठी खांद्याला सतत १.२ किलोची मागे ओढ बसते. ३९ची असेल तर १.५. सॅक तीच, लेन्स तीच, पण पाठ आखूड म्हणून खांदा जास्त ओढला जातो. हीच जोडी पाठीपासून ९ सेंमीवर आणली तर ओढ ०.८ किलोवर येते.

या कामातला आमच्या मते सगळ्यात मोलाचा आकडा हाच. लहान बांध्याच्या माणसाला पट्ट्यांतला जाड फोम सुखावत नाही. लेन्स पाठीला चिकटली आणि बेल्ट हाडावर बसला, की मगच खांदा मोकळा होतो.

१५ नोव्हेंबर : दिशा बदलली

कॅमेरा सॅक शोधणं थांबवलं. आधी पाठीच्या मापाची ट्रेकिंग सॅक घ्यायची आणि तिच्यात कॅमेऱ्याचा फोमचा डबा बसवायचा, असं ठरवलं.

कारण सरळ आहे. ट्रेकिंग सॅक बनवणाऱ्यांनी धडाच्या मापावर वर्षानुवर्षं काम केलं आहे. डॉइटरची एसएल मालिका आखूड पाठीसाठी आणि अरुंद खांद्यांसाठीच असते. ऑस्प्रे एकाच सॅकचे दोन-तीन आकार काढते. डेकॅथलॉनमध्ये बायकांसाठी वेगळ्या बेतलेल्या सॅक मिळतात. कॅमेऱ्याच्या बाजूने यायचं तर शिमोडाच्या काही सॅकमध्ये पट्ट्यांची उंची बदलता येते आणि बायकांसाठी वेगळे पट्टे लावता येतात; एफ-स्टॉपने सॅक आणि आतला डबा वेगवेगळे विकायची पद्धत रुजवली. बजेट बसत असेल तर हे दोन रस्ते उत्तम. आमचं बजेट सॅक आणि डबा मिळून मर्यादित होतं, म्हणून डबा घरीच करायचा.

सॅक निवडताना अटी पाच होत्या. पाठ ३८ ते ४२ सेंमीच्या आत सरकती. समोरून चेन उभी आणि लांब, म्हणजे सॅक आडवी ठेवून पूर्ण उघडता येईल. पाठीत ॲल्युमिनियमची पट्टी किंवा कडक पत्रा. रिकामं वजन दीड किलोच्या आत. आणि पाठ सपाट, कमानदार जाळीची नको.

शेवटच्या अटीवर जरा वाद झाला. कमानदार जाळीमुळे पाठीला वारा लागतो, घाम कमी येतो, आणि आपल्याकडच्या हवेत ही मोठी सोय आहे. पण त्या कमानीमुळे सामान पाठीपासून आणखी ४-५ सेंमी लांब जातं. कपडे आणि जेवणाचा डबा वाहायचा असेल तर जाळी घ्यावी. ३.४ किलोचा एकच ठोकळा वाहायचा असेल तर नाही. घाम पुसता येतो.

१७ नोव्हेंबर

सॅक घेतली. ३६ लिटर, १.३ किलो, पाठ सरकवून ३९वर आणली. समोरची चेन दोन रनरची.

२३ नोव्हेंबर : डबा कापला

सॅकच्या आत रुंदी २६, खोली तळाशी १८ सेंमी. कॅमेऱ्याला लेन्स लावलेली, हूड उलटा, पुढचं झाकण लावलेलं, अशी लांबी ३६ सेंमी. उलट्या हूडचा व्यास १३.५ सेंमी. म्हणून डबा बाहेरून ३९ × २६ × १७, आतून ३७ × २४ × १५.

रविवार पेठेतून १० मिमी जाडीचा ईव्हीए फोम घेतला, एक मीटर चौरसाचा तुकडा. साधा स्पंज घेऊ नये, तो दाबला की बसतो तो बसतोच. तुकडे असे : पाठ आणि झाकण ३९ × २६चे दोन, बाजू ३९ × १५च्या दोन, माथा आणि तळ २४ × १५चे दोन. उरलेल्यातून मधले आडपडदे. आतून वेल्क्रोच्या मऊ बाजूचं कापड, बाहेरून पातळ नायलॉन. डब्याचं वजन भरलं ५९० ग्रॅम.

मांडणी करताना दोन गोष्टी लक्षात आल्या. एक, ट्रायपॉड कॉलरचा पाय पाठीच्या दिशेला ठेवला तर लेन्स पाठीपासून दूर ढकलली जाते. कॉलर सैल करून पाय बाजूला फिरवायचा, मग लेन्स फोमला टेकते आणि खोली १५ सेंमीत मावते. दोन, लेन्सचं तोंड खाली आणि बॉडी वर ठेवायची. तसं केलं की खाली हूडशेजारी मॅक्रो लेन्स उभी बसते (१३.५ अधिक ८.३, मध्ये १ सेंमीचा पडदा) आणि तिच्या वर बॅटऱ्यांची पिशवी.

बॉडी वर आली म्हणून तिला धरून जोडी उपसायची नाही. २.३ किलोची लेन्स माउंटला (लेन्स कॅमेऱ्याला जोडणारी कडी) लटकते आणि माउंटचे स्क्रू त्यासाठी नसतात. कॉलरच्या पायाला १५ सेंमीच्या बेल्टपट्टीचा गोल फास लावला. झाकण उघडलं की पहिला हात त्या फासाला जातो, दुसरा हूडखाली.

२५ नोव्हेंबर : जोड उघडले

दोन कोपरे रात्रीत सुटले. कॉन्टॅक्ट ॲडहेसिव्ह लावून लगेच चिकटवलं होतं, तिथेच चूक झाली. दोन्ही कडांना पातळ थर द्यायचा, १० ते १५ मिनिटं थांबायचं, बोट लावल्यावर चिकटत नाही अशी अवस्था आली की मगच जोडून जोरात दाबायचं. ओल्या डिंकात आतली वाफ कोंडते आणि जोड कधीच धरत नाही. सोडवून, पॉलिश पेपर मारून पुन्हा केलं. कोपऱ्यांवरून नायलॉन पट्टी शिवूनही घेतली.

३० नोव्हेंबर : वेताळ टेकडी, पहिली फेरी

एकूण भार ६.८५ अधिक १.३ अधिक ०.५९, म्हणजे ८ किलो ७४० ग्रॅम. दोन तास, चढ-उतार आणि मोकळं पठार.

खांदे मोकळे. पण सॅक झुलते. डब्याच्या दोन्ही बाजूंना जागा उरत नाही, मात्र पुढे-मागे सेंटिमीटरभर आणि वर १२ सेंमी रिकामं आहे. चढताना डबा वर उचलला जातो आणि खाली आपटतो. डब्याच्या माथ्यावर विंडचीटर कोंबलं, बाजूचे दाबपट्टे आवळले, झुलणं थांबलं.

दुसरी गोष्ट उंचीची. डबा सॅकच्या तळाशी बसल्यामुळे लेन्सचं वजन कमरेच्या पातळीवर राहतं. सपाट वाटेवर ते खांद्याच्या पात्यांच्या जवळ हवं, तेव्हा अंग पुढे वाकवावं लागत नाही. दगडधोंड्यांच्या वाटेवर किंवा घसाऱ्यावर थोडं खाली असलेलं बरं, तोल जात नाही. मधला मार्ग काढला. डबा तळाशी न ठेवता खाली ८ सेंमी जाडीची गुंडाळी (जेवणाच्या डब्याचं कापड, जादा टी-शर्ट, पावसाचं कव्हर), तिच्यावर डबा. वरची रिकामी जागाही त्यामुळे ४ सेंमीवर आली.

तिसरी अडचण डोक्याची. झाडाच्या शेंड्यावरचा पक्षी बघायला मान मागे टाकली, की डोकं सॅकच्या माथ्यावर आपटतं आणि टोपी डोळ्यांवर येते. मणक्यापासून डोक्याच्या टोकापर्यंतचं २५ सेंमीचं माप यासाठीच घेतलं होतं. सॅकचा माथा मानेच्या मणक्याच्या वर ८ सेंमीपेक्षा जास्त गेला की ही टक्कर होते. वरच्या झाकणाचा खिसा रिकामा करून तो खाली आवळला. सहा सेंमीवर आला, मान मोकळी झाली. लोक सॅकचे लिटर वाढवत जातात, त्यात उंची वाढते आणि पक्षी बघायचीच अडचण होते.

७ डिसेंबर : बेल्टचे पंख

हिप बेल्ट आवळला की दोन्ही बाजूंचे फोमचे पंख पोटावर एकमेकांना भिडतात. ७६ सेंमी घेराला ते लांब पडतात. भिडले की बक्कल कितीही ओढली तरी बेल्ट आणखी आवळत नाही, आणि चालता चालता सॅक घसरून पुन्हा खांद्यांवर येते. आवळलेल्या अवस्थेत दोन पंखांत ७ ते १० सेंमी फट राहिली पाहिजे. बारीक अंगाच्या माणसाने ही फट सॅक घेतानाच बघावी. आमच्याकडून राहून गेली.

उपाय बॅग शिवणाऱ्या कारागिराकडे. प्रत्येक पंखाचं टोक उसवलं, फोम ५ सेंमी कापला, कापड आत दुमडून पुन्हा शिवलं, बेल्टपट्टीच्या मुळाशी आडवी-उभी चौकट शिवण आणि मध्ये फुली. साधी एकेरी शिवण इथे मारू देऊ नये, पूर्ण भार तिच्यावर येतो. आता फट ९ सेंमी.

हातकाट्याचे आकडे त्यानंतर : डावा १.२, उजवा १.२. म्हणजे ८.७४ किलोपैकी खांद्यांवर २.४ किलो. पर्वतीच्या दिवशी ६.८ होते.

८ डिसेंबर : बांधायचा क्रम

क्रम चुकला की चांगली सॅकही जाचते, म्हणून लिहून ठेवतो.

सगळे पट्टे सैल. सॅक जमिनीवरून थेट खांद्यावर झोकायची नाही. एक पाय पुढे, गुडघा वाकवून सॅक मांडीवर घ्यायची, एक हात पट्ट्यात, मग वळून दुसरा. किंचित पुढे वाकून खांदे उचलायचे आणि बेल्ट कमरेच्या हाडाच्या कडेवर आणायचा, फोमचा मध्य बरोबर कडेवर. बेंबीच्या जरा खाली बक्कल, आवळायची. सरळ उभं राहायचं. आता खांद्याचे पट्टे फक्त खांद्याला टेकतील इतके ओढायचे. पट्ट्याच्या माथ्यावरून सॅककडे जाणाऱ्या बारीक पट्ट्या (लोड लिफ्टर) साधारण ४५ अंशांत याव्यात, हलक्या ओढायच्या. छातीचा पट्टा गळ्याच्या हाडाखाली तीन-चार बोटांवर. खाली गेला तर छातीवर दाब येतो आणि श्वास अपुरा पडतो. शेवटी खांद्याचे पट्टे अर्धा इंच सैल.

तासाभराने बेल्ट पुन्हा आवळायचा. फोम गरम होऊन दबतो.

२२ डिसेंबर : सिंहगड, आतकरवाडीची वाट

खरी परीक्षा. गड समुद्रसपाटीपासून १३१२ मीटर आणि वाट एकसारखी चढती. आधी पायथ्याच्या दरीत दोन तास फोटो, मग चढाई.

दरीत स्वर्गीय नर्तक या पक्ष्यासाठी कॅमेरा सतत हातात. जोडी बाहेर काढली की सॅकमधून ३.४ किलो कमी होतात, डबा अर्धा रिकामा होतो आणि उरलेलं सामान एका बाजूला कलंडतं. मॅक्रोच्या वरचा पडदा खाली सरकवून विंडचीटर मोकळ्या जागेत कोंबलं, मग सॅक सरळ राहिली.

हातातली जोडी गळ्यात लटकवायची नाही, हे तर सगळे जाणतात. पण सॅकच्या पट्ट्यांना समोर लटकवायची युक्तीही इथे चालली नाही. उंच माणसाला ती छान पडते, भार पट्ट्यांवाटे कमरेवर जातो. १५१ सेंमी उंचीला मात्र ३६ सेंमीची जोडी छातीवरून लोंबते ती थेट मांडीपर्यंत, आणि चढताना गुडघा हूडला लागतो. त्याऐवजी तिरपा पट्टा, अडकवण कॉलरच्या प्लेटला, लेन्स नितंबाच्या मागे उलटी. पट्टा सॅकच्या आधी घालायचा, म्हणजे सॅक न काढता कॅमेरा पुढे घेता येतो. सॅकच्या पट्ट्यावर बसणारी क्लिप फक्त मॅक्रोसाठी ठेवली. २००-५००चं वजन तिथे टांगलं की तो एकच पट्टा खाली ओढला जातो आणि अंग वाकडं होतं.

चढताना जोडी पुन्हा डब्यात. मोनोपॉड आणि कॉलर पायथ्याला गाडीत ठेवले. कॉलर काढल्यावर लेन्स २०९० ग्रॅम राहते. मोनोपॉडसकट ७६० ग्रॅम वाचले, सॅक ७ किलो ९८० वर आली, आणि हा फरक शेवटच्या टप्प्यात पोटऱ्यांना कळतो. कॉलर नाही म्हणजे फासही नाही, तेव्हा लेन्स दोन्ही हातांनी नळीला धरूनच काढायची.

उतरताना सॅकने मागे ओढलं नाही. डाव्या कमरेच्या हाडावर रुपयाएवढा लाल डाग. शर्टाची शिवण बेल्टखाली आली होती. बेल्टखाली शिवण, पाकीट, पँटचा पट्टा काहीही नको.

२३ डिसेंबर

पाठीचं कापड घामाने पूर्ण भिजलं होतं. डब्याची पाठीकडची बाजूही ओलसर लागली. रात्री डबा बाहेर काढून उघडा ठेवला. ओला डबा सॅकमध्ये बंद राहिला तर लेन्सवर बुरशी धरते. सिलिका जेलच्या पुड्या त्याला पुऱ्या पडत नाहीत. डब्याच्या पाठीमागे जाड पॉलिथीनचा तुकडा चिकटवला.

१९ जानेवारी २०२५ : भिगवण, कुंभारगाव

उजनीच्या फुगवट्यावर रोहितांसाठी (फ्लेमिंगो) होडी. इथे सॅकचं काम वाहण्याचं कमी आणि बसल्या जागी सामान देण्याचं जास्त. होडीत सॅक उभी ठेवायला जागा नसते, ती पायांजवळ आडवी पडते. समोरून उघडणारी चेन इथे कामाची ठरली, पण सॅकची पाठ खाली म्हणजे ओल्या फळीवर. पुन्हा पाठीवर घेतली की ते पाणी शर्टात. ६० × ४०चा प्लॅस्टिकचा तुकडा कायमचा वरच्या खिशात ठेवला.

पाठीच्या बाजूने उघडणारी सॅक असती तर पाठ कोरडी राहिली असती, हे मान्य करायला हवं. त्या सॅक बेल्ट न सोडता पोटाकडे फिरवून उभ्याने उघडता येतात, अशीही त्यांची ख्याती आहे. आठ-नऊ किलो पोटासमोर धरून ४६ किलोच्या माणसाने उभं राहणं कंबरेला झेपत नाही, म्हणून ती सोय आम्ही जमेत धरली नाही.

२ फेब्रुवारी : विमानाचा हिशेब

देशांतर्गत प्रवासात इकॉनॉमीच्या हातातल्या सामानाला साधारण ७ किलोची मर्यादा असते, इंडिगोची मापं ५५ × ३५ × २५ सेंमी. वेगळ्या डब्याचा फायदा इथे दिसतो. डबा कॅमेरा, दोन्ही लेन्स आणि बॅटऱ्यांसकट ४ किलो ९९० ग्रॅम भरतो. तो खांद्याच्या साध्या पिशवीत हातात, रिकामी सॅक कपडे भरून चेक-इनला. सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इनमध्ये चालत नाहीत, त्या डब्यातच राहतात. चेक-इन करताना हिप बेल्ट उलटा फिरवून सॅकच्या मागे बक्कल लावून टाकायची, नाहीतर विमानतळाच्या सरकत्या पट्ट्यावर ती अडकून तुटते.

९ फेब्रुवारी : कायमच्या खुणा

पट्टे दर वेळी नव्याने जुळवायला लागू नयेत म्हणून खुणा केल्या. खांद्याच्या दोन्ही पट्ट्यांवर ॲडजस्टरच्या लगेच खाली लाल दोऱ्याचे चार टाके. बेल्टवर दोन खुणा, एक टी-शर्टवर, एक जाड जॅकेटवर. पाठीची सरकपट्टी ३९वर असताना वेल्क्रोची कड जिथे येते तिथे पांढऱ्या पेनाची रेघ. सॅक दुसऱ्या कुणी वापरून परत दिली तर मिनिटभरात मूळ मापावर येते.

डब्याच्या झाकणाच्या आत वजनांचा कागद चिकटवला : पूर्ण सामान ८.७४, मोनोपॉड आणि कॉलरशिवाय ७.९८, मॅक्रोही वगळून ७.२३. चढाची वाट असेल त्या दिवशी तिसरा आकडा.

उरलेलं काम : पाठीतली ॲल्युमिनियमची पट्टी सरळ आहे, ताईंच्या कमरेला आत बाक आहे. पट्टी बाहेर काढून पाठीला लावून बघायची, बाक जिथे सुरू होतो तिथे खूण करायची आणि गुडघ्यावर हाताने हळूहळू वाकवायची, एकदम कोन पडू द्यायचा नाही. एकदा वाकवून परत सरळ केलेली पट्टी तिथेच मोडू शकते, म्हणून आधी जाड पुठ्ठ्यावर बाक उतरवून घेतला आहे.